जुळी बाळं घरी आली, आता आईकडेही बघा

काही महिन्यांपूर्वी एक तरुण जोडपं दवाखान्यात आलं. सोबत मुलीची आई होती. तक्रार साधीच होती. "डॉक्टर, हिला फार अशक्तपणा आलाय, एखादं टॉनिक लिहून द्या." बाळंतपणाला चाळीस दिवस झाले होते. जुळं होतं, एक मुलगा आणि एक मुलगी. मी बाळांची चौकशी केली. नवऱ्याने लगेच मोबाइल काढला आणि दोघांची वजनं ग्रॅममध्ये सांगितली. जन्माच्या वेळची, घरी आणतानाची आणि कालची. मला खरंच कौतुक वाटलं. मग मी विचारलं, "आणि हिने काल रात्री काय खाल्लं?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तीच म्हणाली, "बहुतेक चहा-बिस्किट." सलग झोप किती होते? "दीड तास. कधी तेवढीही नाही."

तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात आणि ब्लडप्रेशर १५०/१००. दवाखान्यातून घरी सोडल्यापासून तिचं प्रेशर एकदाही कुणी मोजलं नव्हतं. टॉनिकच्या बाटलीने यातलं काहीच बरं होणार नव्हतं.

मी बालरोगतज्ज्ञ नाही. जुळ्यांच्या घरातून माझ्याकडे येतात ती मोठी माणसं: थकलेली आई, दुचाकी चालवताना डुलकी लागलेला बाप आणि नातवंडांच्या गडबडीत स्वतःची शुगरची गोळी पंधरा दिवस विसरलेली आजी. इतकी वर्षं हे बघून माझं एक ठाम मत झालं आहे. जुळ्यांच्या घरात पहिले तीन महिने सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आईच्या तब्येतीकडे, आणि बाळांची तब्येत तर तिच्यावरच उभी असते.

आधी हिशेब मांडून बघा

नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. दोन बाळं म्हणजे १६ ते २४ वेळा. एकदा पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा झोपवणं याला अर्धा तास धरला, तरी दिवसाचे ८ ते १२ तास यातच जातात. आणि दोघं एकाच वेळी उठतील असंही नाही. एक झोपतो तोवर दुसरी जागी होते. त्यात आईची अंघोळ, जेवण आणि झोप कुठे बसवायची ते सांगा.

"आमच्या आईने पाच मुलं वाढवली, काही झालं नाही," असं घरात कुणीतरी म्हणतंच. ती पाच मुलं एकाच दिवशी जन्मली नव्हती, आणि घरात हाताखाली जावा, नणंदा, आत्या होत्या. आज अनेक घरांत दोन माणसं आणि दोन बाळं असतात. ही तुलना थांबवा.

तिच्या शरीराने काय सोसलंय

जुळ्यांच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचं, रक्त कमी होण्याचं आणि बाळंतपणात जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण एकाच बाळापेक्षा अधिक असतं. सिझेरियनही जास्त होतात. म्हणजे बऱ्याचदा ती पोटावर ताजे टाके आणि कमी झालेलं रक्त घेऊनच घरी आलेली असते.

म्हणून माझं सांगणं असं. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचं ब्लडप्रेशर मोजा आणि पुढे सहा आठवडे डॉक्टर सांगतील तसं मोजत राहा. गर्भारपणात प्रेशर नॉर्मल असलं तरी बाळंतपणानंतर ते वाढू शकतं. हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या मध्येच बंद करू नका. दोन-तीन महिन्यांनीही थकवा हटत नसेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, धाप लागणं, झटके, एकाच पायाला सूज आणि दुखणं, अंगावरून अचानक खूप रक्त जाणं किंवा ताप यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. "बाळंतिणीला होतंच असं" हे वाक्य इथे धोक्याचं आहे.

खाण्याचंही तसंच. एका बाळाला पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. दोन बाळांना पाजणारीला त्याहून जास्त. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर द्या, पण त्यांच्यावर भागवू नका. पोळी, भात, डाळ, उसळ, भाजी, दूध-दही, चालत असतील तर अंडी-मासे, असं चौरस जेवण हवं. "वरणाने बाळाला गॅस होतो" म्हणून तिचं वरण बंद करू नका. पाजायला बसताना पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी असू द्या.

दूध पुरेल का?

हा प्रश्न घरातले सगळे विचारतात, आणि तोही तिच्यासमोर! बहुतेक आया दोघांपुरतं दूध तयार करू शकतात, कारण जितकं दूध बाहेर निघतं तितकं ते बनत जातं. दोन्ही काखांखाली उशा घेऊन, बाळांचे पाय मागच्या बाजूला ठेवून दोघांना एकदम पाजता येतं. सुरुवातीला एक माणूस मदतीला लागतं. जमलं की वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. दवाखान्यातून निघण्याआधी हे नर्सकडून शिकून घ्या.

बाळं लहान असतील, ओढायची ताकद कमी असेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं लागतं. काढलेलं दूध झाकून लगेच फ्रिजच्या आतल्या भागात ठेवलं तर चार दिवस चालतं. बाहेर ठेवलं तर चार तासांच्या आत वापरा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढाही वेळ थांबू नका. कधी कधी डॉक्टर वरचं दूध सुरू करायला सांगतात. तसं झालं तर आई कमी पडली असं समजू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रत्येक बाळाला दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शेजारच्या काकूंचं मत विचारायची गरज नाही.

झोप हेच औषध

माझ्या चिठ्ठीत मी हे औषधासारखंच लिहितो: आईला २४ तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास झोप. ही झोप आपोआप मिळत नाही, घराला ती ठरवून द्यावी लागते. झोपण्याआधी तिने पाजावं आणि थोडं दूध काढून ठेवावं. पुढचं पाजणं दुसऱ्या माणसाने वाटी-चमच्याने करावं. बाळांचं पाजणं मात्र चुकवायचं नाही, विशेषतः कमी वजनाच्या बाळांचं. "बाळं झोपली की तूही झोप" हा सल्ला जुळ्यांच्या आईला देऊन उपयोग नाही. तिची बाळं एकदम झोपतातच कुठे?

आता बापांसाठी दोन शब्द. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते आणि नवरा रविवारी पेढे घेऊन भेटायला जातो. सव्वा महिना विश्रांतीची प्रथा मला चांगली वाटते. पण जुळ्यांच्या बाबतीत तिची एक बाजू घातक ठरते. बाप काहीच शिकत नाही. तीन महिन्यांनी आई दोन बाळांसह सासरी येते, तिची आई तिच्यासोबत नसते, आणि नवऱ्याला लंगोटही बांधता येत नाही. मग तिचं दुसरं बाळंतपण सुरू होतं. शक्य असेल तर पहिला महिना बापाने तिथेच राहावं, नाहीतर मुलीच्या आईने इकडे यावं. 'मदत करतो' हा शब्द बापाने सोडून द्यावा. स्वतःच्या मुलांचं करणं याला मदत म्हणत नाहीत. रात्रीची एक पाळी, सगळे लंगोट आणि औषधांचा हिशेब ही कामं कायमची त्याची.

कायदाही इथे थिटा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण जुळं झालं म्हणून एक दिवसही वाढत नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत ते मालकाच्या मर्जीवर असतं. म्हणून रजेचं नियोजन सातव्या महिन्यातच करा. आणि निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, हे तेव्हा लक्षात ठेवा.

बाळांबद्दल थोडक्यात

दाराला एक वही टांगा. दोन रकाने, दोन नावं: दूध, लघवी, शी, औषध. दोघं सारखी दिसत असतील तर एकाच्या पायाच्या नखाला रंग लावा. व्हिटॅमिनचे थेंब एकालाच दोनदा आणि दुसऱ्याला शून्य वेळा, असं सुशिक्षित घरांतही घडतं.

कमी वजनाच्या बाळांना उब हवी. आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर बाळ ठेवण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली, आणि आज ती जगभर वापरली जाते. जुळ्यांना ती फारच सोयीची. एक आईकडे, एक बाबांकडे. मात्र बाळ छातीवर असताना मोठ्या माणसाने जागं राहायला हवं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी-धुरी नको. घुटी, मध, पाणी नको. झोपवताना दोघांना पाठीवर, वेगवेगळ्या जागी, पण आईच्याच खोलीत.

बाळ दूध ओढेनासं झालं, फार सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, छाती आत ओढत भरभर श्वास घेऊ लागलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. आणि "हा मान धरतो, ती अजून नाही" अशी स्पर्धा लावू नका. लवकर जन्मलेल्या बाळाची वाढ त्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजायची असते.

मन दुखतं तेव्हा

पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, बाळांबद्दल काहीच वाटत नसेल, बाळं झोपली तरी झोप लागत नसेल, "मी वाईट आई आहे" असे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. गोव्यात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. त्या सगळ्या जुळ्यांच्या आया नव्हत्या. जुळ्यांमध्ये हा धोका आणखी वाढतो. त्याच अभ्यासात, मुलगा हवा असताना मुलगी होणं हेही कारण पुढे आलं. दोन मुली झालेल्या घराने हे नीट वाचावं. टोमणा मारणारा आपल्या वाटणीचं बोलून मोकळा होतो, आजारी ती पडते.

स्वतःला किंवा बाळांना इजा करण्याचे विचार, भास होणं, असंबद्ध बोलणं असेल तर ती तातडी आहे. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. आणि रडणं असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं.

भेटायला जाणाऱ्यांना विनंती

बारसं थोडं पुढे ढकललं तर काही बिघडत नाही. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. जाल तेव्हा झबली-टोपडी नेऊ नका, घरात आधीच ढीग असतो. भाजी-पोळीचा डबा न्या. बाळंतिणीने केलेला चहा पिऊ नका. जमलं तर कपड्यांच्या घड्या घाला आणि अर्ध्या तासात निघा.

सुरुवातीला सांगितलेली ती आई सहा आठवड्यांनी पुन्हा आली. शिरेतून लोह दिलं होतं, प्रेशरची गोळी सुरू होती, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. घरात अजूनही धावपळच होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळंही होती. पण नवऱ्याने मोबाइल काढला तेव्हा बाळांच्या वजनांशेजारी तिसरा रकाना दिसला: तिचं प्रेशर, तिची गोळी, तिची झोप. त्या दिवशी झोपेपुढे पाच तास लिहिलेले होते.

तुमच्या घरी किंवा शेजारी जुळं आलं असेल, तर हा तिसरा रकाना आजच आखा.