रान विकून लंडन गाठायचं का?

सांगोल्याच्या एसटी स्टँडवरून कडलास नाक्याकडे चालत गेलात, तर दोन प्रकारचे फ्लेक्स दिसतील. एक वाढदिवसाचे, दुसरे ‘परदेशात शिका’वाले. दुसऱ्या प्रकारच्या फ्लेक्सवर टोपी हवेत उडवणारी चार मुलं असतात. चौघांपैकी एकही सांगोल्याचं वाटत नाही, हा भाग वेगळा.

पण प्रश्न आता आपल्या वाडीपर्यंत आलाय. कुणाचा तरी मावसभाऊ आयर्लंडला आहे, कुणाच्या बहिणीच्या स्टेटसवर टोरांटोचा बर्फ आहे. टीवायला असलेल्या प्रत्येकाला एकदा तरी वाटतं, आपण का नाही? मलाही वाटलं. मास कॉमची डिग्री झाल्यावर मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या मास्टर्ससाठी अर्ज केला आणि ऑफर लेटर आलं. घरी पेढे वाटले. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “वरचं रान काढू. डाळिंबाला नाहीतरी तेल्या लागतोयच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी जे शोधलं, विचारलं, वहीत मांडलं, ते तुमच्यासमोर ठेवतेय. कारण आपण सगळे सुरुवात ‘कुठल्या देशात जायचं?’ या प्रश्नापासून करतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला, पैसे कुणाचे? दुसरा, दोन वर्षांनी परत यावं लागलं तर काय?

सात-बारा आहे, तारण नाही

आपल्याकडे समज असा, की जमीन आहे म्हणजे कर्ज मिळेल. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. पण शेतजमीन तारण म्हणून घ्यायला त्या सहसा तयार नसतात. कारण कायद्यात आहे. थकीत कर्जाची वसुली कोर्टात न जाता करता यावी म्हणून बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने अधिकार दिले, आणि त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याच्या बाजूने केलेली ही तरतूद. पण परिणाम असा, की पुण्यातला टू बीएचके बँकेला चालतो आणि सांगोल्यातली पाच एकर बाग चालत नाही. बँक विचारते, एनए प्लॉट आहे का? घर? एफडी?

नसेल, तर उरतात दोन वाटा. खासगी वित्तसंस्थेचं विनातारण कर्ज, ज्याचा व्याजदर जास्त; किंवा जमीन सरळ विकणं. काही नामांकित विद्यापीठांसाठी बँका विनातारण कर्ज देतात, पण ती यादी छोटी असते. आपलं विद्यापीठ त्यात आहे का, हे आधी विचारा. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

आता गणित करा. 30 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 41,300 रुपये. शिकत असताना हप्ता सुरू होत नसला तरी व्याज चढतच असतं, म्हणजे खरा आकडा त्याहून जास्तच. हा हप्ता पौंडातल्या पगारातून फार जड नाही. पण परत येऊन पुण्यात पहिल्या नोकरीवर लागलात तर? आपल्या क्षेत्रात सुरुवातीचा पगार किती असतो, हे सिनियरला विचारा. मी विचारलं. विचारून गप्प बसले.

नियम अर्ध्या वाटेत बदलतात

“ताई, तिकडे नोकरी मिळतेच, पैसे वसूल,” असं मला एका कन्सल्टन्सीतल्या दादाने फोनवर सांगितलं. त्याची फी शून्य होती. मग त्याचं पोट कसं भरतं? अनेक परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात. यात बेकायदा काही नाही. फक्त तो सल्लागार आहे की विक्रेता, हे आपल्याला कळलं पाहिजे.

‘नोकरी मिळतेच’ हे वाक्य आता तपासून बघा. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं राहून काम शोधता येतं. 1 जानेवारी 2027 पासून जे या व्हिसासाठी अर्ज करतील, त्यांना दीडच वर्ष मिळणार. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसा हवा, तर जुलै 2025 पासून सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला 41,700 पौंड आहे. नव्या उमेदवारांना त्यात काही सवलत आहे, पण नुकत्याच पास झालेल्या पत्रकाराला तीही सोपी नाही.

अमेरिकेत शिक्षणानंतर 12 महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी 24 महिने. पुढच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर 2025 मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क आलं. अमेरिकेत आधीच असलेल्या आणि तिथूनच व्हिसा बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागू नाही, हा खुलासा यायला महिना गेला. तो एक महिना तिथल्या मुलांनी कसा काढला असेल?

कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. खर्चासाठी दाखवायची रक्कम तोपर्यंत 10,000 कॅनेडियन डॉलर होती, ती आता 22,895 आहे. म्हणजे चौदा लाखांच्या आसपास, आणि फी त्याच्या वर.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केलीय. शिवाय कुठेही जा, वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. म्हणजे ‘फुकट’ जर्मनीलाही पहिल्याच दिवशी बारा लाखांच्या आसपास हवेत. आणि वर्ग इंग्रजीत झाला तरी नोकरी बहुतेक ठिकाणी जर्मन मागते.

एवढे आकडे तुम्हाला घाबरवायला दिले नाहीत. प्रत्येक देश स्वतःच्या मतदारांकडे बघून नियम करतो, तुमच्या कर्जाकडे बघून नाही. म्हणून निवड करताना कसोटी एकच ठेवा: नोकरीचा व्हिसा मिळालाच नाही असं धरून चाला, आणि मग विचारा, नुसती डिग्री एवढ्या पैशांची आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर देश कुठलाही चालेल.

डॉक्टर व्हायला निघालेल्यांसाठी

आपल्या जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्यांमध्ये एमबीबीएसवाले बरेच असतात. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून बंकर आणि सायरन अनुभवून परतलेली मुलं आठवा. मायदेशी आल्यावर त्यांना कळलं, की इथल्या कॉलेजात उरलेलं शिक्षण पूर्ण करायची सोय नाही. तेव्हा जाण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा. नीट पात्र असणं बंधनकारक आहे. 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यानंतर तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. आणि परत आल्यावर 300 पैकी 150 गुणांची एफएमजीई पास व्हावी लागते. ‘तिकडे कुणी नापास होत नाही’ असं सांगणारा एजंट या परीक्षेबद्दल बोलत नाही.

मग पोरांनी जायचंच नाही का?

असं मी म्हणत नाहीये. ‘आपल्यासारख्यांचं ते काम नाही’ हे वाक्य तर मला मुळीच मान्य नाही. बुलढाण्यातल्या छोट्या गावातला राजू केंद्रे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आला आणि आता ‘एकलव्य’मधून पहिल्या पिढीतल्या मुलांना वाट दाखवतोय. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, जागा 75. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची आहे. सगळ्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी. अटी दर वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, कुणाच्या रीलवरून नाही.

पण यांचं वेळापत्रक उलटं चालतं. जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते आणि तेव्हा तुमच्या हातात चांगल्या रँकिंगच्या विद्यापीठाची विनाअट ऑफर असावी लागते. म्हणजे तयारी वर्षभर आधी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आयईएलटीएस, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, सगळं आधी. पुण्यातल्या मुलाला हे कट्ट्यावर कळतं, आपल्याला मुदत संपल्यावर. खरा फरक इथे पडतो, हुशारीत नाही.

आणि इतिहासातला सगळ्यात मोठा दाखला आपल्याच घरातला आहे. बाबासाहेब 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. आपल्याला ‘ते परदेशी शिकले’ एवढंच सांगतात. मधली तीन वर्षं कुणी सांगत नाही. मला सध्या तीच तीन वर्षं जवळची वाटतात.

कारण मी ऑफर पुढच्या वर्षावर ढकलली आहे. डिपॉझिट भरायच्या शेवटच्या दिवशी पप्पांना सांगितलं, रान राहू दे. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फवारणीला गेले. या वर्षी मी इथे काम करतेय, शिष्यवृत्तीची कागदपत्रं जमवतेय. मिळाली तर जाईन. नाही मिळाली तर? खरं सांगू, ते अजून ठरलेलं नाही. वाईट वाटेल, हे नक्की.

तुमच्या हातातही असं एखादं पत्र असेल, तर आज रात्री एक करा. एका कोऱ्या पानावर तीन प्रश्न लिहा: पैसे कुणाचे, परत आलो तर काय, आणि मग कुठे. उत्तरं आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचा. वाचताना कुठल्या ओळीवर आवाज बारीक होतो, तेवढं बघा. फ्लेक्सवाल्याला फोन करण्याआधी त्या ओळीचं उत्तर शोधा.