यंत्राचे वजन आणि ट्रेलरची मर्यादा

धरण, रस्ता, खाण किंवा लोहमार्ग यांच्या कामावर जी अवजड यंत्रे राबताना दिसतात, ती तेथवर बहुधा स्वतःच्या बळावर आलेली नसतात. पोलादी पट्ट्यांवर सरकणारे उत्खननयंत्र, ज्याला बोलीभाषेत पोकलेन म्हणतात, ताशी पाच-सहा किलोमीटरहून फारसे वेगाने जाऊ शकत नाही. आणि लांबवर चालविले तर त्याच्या पट्ट्या डांबरी रस्त्याची सालपटे काढतील. बुलडोझर व रोडरोलर यांचीही तीच अवस्था. ही यंत्रे एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात ती ट्रेलरच्या पाठीवर बसून. यंत्र काय काम करील याचा विचार पुष्कळ होतो. ते कसे नेले जाईल याचा विचार मात्र पुष्कळदा ट्रेलर दाराशी येऊन उभा राहीपर्यंत कोणी करीत नाही.

या उपेक्षेच्या मुळाशी एक समजूत आहे. ट्रेलरवर लिहिलेली भारमर्यादा ही सरकारी कागदापुरती असून मुरलेला चालक ती बेलाशक ओलांडू शकतो, अशी ती समजूत होय. वस्तुतः ही मर्यादा कोणाच्या लहरीने ठरलेली नसते. ब्रेक, टायर, आस, रस्ता आणि पूल यांना काय सोसेल, हे मोजून ती ठरविलेली असते. म्हणूनच ती पाळावयाची की नाही, हा निर्णय चालकाच्या धाडसावर सोडता कामा नये. यंत्र चढविण्यापूर्वी, वजनकाट्यापाशी, यंत्र पाठविणाऱ्याने तो घ्यावयास हवा.

प्रथम ब्रेकचा विचार करू. उंचावर असलेल्या प्रत्येक जड वस्तूत ऊर्जा साठलेली असते. घाट उतरताना या ऊर्जेचे वेगात रूपांतर होऊ द्यावयाचे नसेल, तर तिचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. इंजिन आपल्या अंगच्या अवरोधाने तिचा काही भाग शोषून घेते. उरलेला भाग ब्रेकच्या ड्रममध्ये तापतो. सर्व मिळून ४० टन वजनाचे वाहन ५०० मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा जी ऊर्जा अशा रीतीने जिरवावी लागते, तिच्यात सुमारे ६०० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. त्याच वाहनावर १० टन भार अधिक चढविला, तर आणखी दीडशे लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ड्रमचा आकार मात्र तोच राहतो आणि त्यावरून वाहणारा वाराही तेवढाच. ड्रम प्रमाणाबाहेर तापला की ब्रेकची पकड सुटू लागते, आणि पकड सुटली की चालकाचे कौशल्य जवळजवळ निरुपयोगी ठरते. सपाट रस्त्यावरही धोका टळत नाही. ब्रेक आपल्या पूर्ण शक्तीने काम करीत असतील आणि वजन सव्वापट झाले असेल, तर थांबण्यास लागणारे अंतरही सव्वापट होते. टायरची कथा निराळी नाही. जादा भाराखाली टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्याने तो आतून तापतो, आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात अखेर फुटतो.

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असेही नव्हे. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भार मागे गेला की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. भार पुढे आला की तो बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलरलाही तरफेचा हाच नियम लागू पडतो. एखाद्या ट्रेलरचा पुढचा जोड व मागच्या आसांचा समूह यांच्यात ८ मीटर अंतर आहे आणि २० टनांच्या यंत्राचा गुरुत्वमध्य जोडापासून ५ मीटर मागे आहे, असे समजा. तर मागच्या आसांवर यंत्राचा १२.५ टन भार येईल व पुढच्या जोडावर ७.५ टन. आता तेच यंत्र फक्त एक मीटर मागे उभे केले, तर मागे १५ टन होतील व पुढे अवघे ५ टन. एक किलो वजनही वाढले नाही. पण मागचे आस मर्यादेपलीकडे जाऊ शकतात, आणि ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकांवरचा दाब घटून त्यांची रस्त्यावरची पकड सैल होते. ओल्या रस्त्यावर अशा वेळी जोरात ब्रेक दाबला, तर ट्रक व ट्रेलर कात्रीप्रमाणे एकमेकांवर दुमडण्याचा संभव असतो. यंत्र नेमके कोठे उभे करावे व कोठे साखळ्यांनी जखडावे हे ठरविणे, हा चढविण्याच्या कामाचा अर्धा भाग आहे.

वाहनाची हानी मालकाला दिसते. रस्त्याची हानी त्याला दिसत नाही, कारण तिचे देयक त्याच्या नावाने निघत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या वळसेदार रस्त्यांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक सतत फिरविण्यात आले व आसांच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्यांची नोंद ठेवण्यात आली. या प्रयोगातून असा निष्कर्ष निघाला की, आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची झीज साधारणपणे त्या वाढीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आसावर सव्वापट भार टाकला, तर झीज सव्वापट न होता जवळजवळ अडीचपट होते. दीडपट भाराने ती पाचपट, आणि दुप्पट भाराने सोळापट होते. एका खेपेत दोन खेपांचे काम उरकून भाडे वाचविणाऱ्याचे गणित येथे उघडे पडते. तो पैसा वाचत नाही. तो रस्त्याच्या दुरुस्तीच्या रूपाने सर्व नागरिकांकडून वसूल केला जातो.

पुलाच्या बाबतीत किंमत पैशात मोजूनही भागत नाही. २२ जून २०२० रोजी उत्तराखंडातील मुन्सियारी भागात, मिलमकडे जाणाऱ्या मार्गावरील एक बेली पूल, त्यावरून उत्खननयंत्र वाहून नेणारा ट्रक जात असता कोसळला. पुलाला पेलेल त्यापेक्षा ट्रक व यंत्र यांचे एकत्रित वजन अधिक होते. वाहनातील माणसे जखमी झाली, आणि सीमेकडील गावांचा व चौक्यांचा रस्ता ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी तुटला. सीमा रस्ते संघटनेने आठवड्याच्या आत तेथे नवा पूल उभा केला, ही प्रशंसनीय गोष्ट होय. तथापि ते यंत्र रस्ता सुधारण्याच्या कामासाठीच निघालेले असता त्याच्याच वजनाने रस्ता बंद पडावा, यातील बोध विसरण्याजोगा नाही.

पुलाच्या तोंडाशी क्षमतेची पाटी लावली म्हणजे काम संपले, असेही मानता येत नाही. २०१५ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील इंडियाना राज्यात पाओली या गावी, १८८० मध्ये बांधलेला एक लोखंडी पूल पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या ट्रेलरखाली खचला. पुलाची मर्यादा सहा टन होती व तशी पाटीही होती. चालक व्यक्तीने नंतर सांगितले की, सहा टन म्हणजे किती पौंड हे तिला ठाऊक नव्हते. या उत्तराला हसणे सोपे आहे. परंतु आपल्या वाहनाचे त्या क्षणीचे एकूण वजन नेमके किती आहे, हे ज्या चालकाला कोणी सांगितलेलेच नाही, त्याच्यापुढे पाटीवरचा आकडाही तितकाच मुका असतो. यंत्राच्या पुस्तिकेत छापलेले वजन येथे पुरे पडत नाही. भरलेली इंधनटाकी, पट्ट्यांत रुतलेला चिखल, जोडलेले अवजार, सोबत टाकलेली जादा बादली, आणि रिकाम्या ट्रेलरचे व ट्रकचे स्वतःचे वजन हे सारे मिळूनच खरा आकडा बनतो. तो अंदाजाने सापडत नाही, काट्यावरच सापडतो.

यावर अनुभवी माणसे म्हणतात की, काल याच पुलावरून याच भारासह ट्रेलर गेला व काहीही झाले नाही. ही विधाने बहुधा खरी असतात. त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा असतो. पोलाद व काँक्रीट यांना प्रत्येक जड फेरीबरोबर थोडा थोडा शीण येत असतो. कालची फेरी निभावली याचा अर्थ आजची निभावेल असा होत नाही; कालच्या फेरीने आजच्या फेरीसाठी थोडे कमी बळ शिल्लक ठेवले, असाही तो असू शकतो. अभियंते आपल्या हिशोबात काही बळ राखून ठेवतात हे खरे. पण ते गंज, धातूतील दोष, खड्ड्यातील आदळ आणि पूर यांसारख्या अज्ञात संकटांसाठी असते. यंत्र चढविणाऱ्याने ते आधीच खर्चून टाकावे, यासाठी ते नव्हे.

वाहतूकदारांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. भाड्याचे दर चढाओढीने खाली येतात, डिझेल व टायर महाग असतात, आणि एक ट्रेलर बाळगणाऱ्या लहान मालकाला काम नाकारणे परवडत नाही. शिवाय अलीकडचे ट्रक पूर्वीपेक्षा बळकट आहेत, हा युक्तिवादही सर्वस्वी खोटा नाही. २०१८ मध्ये भारत सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत वाढविली, ती काही अंशी याच कारणाने. परंतु मर्यादा वाढविणे आणि मर्यादाच न मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ट्रक बळकट झाला, म्हणून जुना पूल बळकट होत नाही.

कायदा या बाबतीत अपुरा आहे असे म्हणता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अतिभारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड ठरविला आहे, आणि तो केवळ चालकावर नव्हे, तर तसे वाहन चालवावयास लावणाऱ्यावरही बसू शकतो. दंड भरला म्हणून त्याच भारासह पुढे जाण्याची मुभा मिळत नाही. जादा भार उतरविलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण येथेच यंत्राच्या वाहतुकीची खरी अडचण दिसते. वाळूच्या ट्रकमधून चार टन वाळू रस्त्याकडेला उतरविता येते. उत्खननयंत्रातून चार टन कसे उतरविणार? महामार्गावरील तपासणी कितीही दक्ष असली, तरी अशा भारासाठी ती उशिराचीच ठरते. त्या वेळेपर्यंत कदाचित दोन घाट आणि दहा पूल ओलांडून झालेले असतात.

यास्तव उपाय प्रवासाच्या आरंभीच योजला पाहिजे. ज्याचे यंत्र आहे व ज्याच्या कामासाठी ते निघाले आहे, त्याने यंत्राचे काट्यावरील वजन लेखी द्यावे, आणि त्या कागदाशिवाय ट्रेलर हलू नये. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या कंत्राटात यंत्रांच्या वाहतुकीचा योग्य खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे तो चालकाच्या जिवावर वाचविण्याचा मोह होणार नाही. बादली, क्रेनची प्रतिभारे यांसारखे सुटे होणारे भाग वेगळे न्यावेत. मार्गातील पुलांची क्षमता निघण्यापूर्वीच पडताळून पाहावी. आणि वजनाविषयी शंका घेऊन निघण्यास नकार देणाऱ्या चालकाला कामचुकार न ठरविता त्याचे म्हणणे काट्यावर तपासावे.

अवजड वस्तू नेऊच नयेत, असा याचा अर्थ नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या पूलविषयक नियमांत एकूण ३८५ टनांच्या विशेष वाहनाचाही विचार केलेला आहे. त्याचा ३६० टन भार आसांच्या २० रांगांवर, प्रत्येक रांगेवर १८ टन याप्रमाणे वाटलेला असतो. प्रत्येक रांगेत नेहमीच्या आसापेक्षा पुष्कळ अधिक चाके असतात, आणि पुलावरून ते वाहन मध्यभागातून, ताशी ५ किलोमीटरहून कमी वेगाने, ब्रेक न लावता न्यावयाचे असते. शेकडो टनांचा हा भार जेथे सुरक्षितपणे पलीकडे जातो, तेथे वीस-पंचवीस टनांचे यंत्र पूल मोडून नदीत पडते. कारण पहिल्या ठिकाणी वजन आधी मोजून वाटलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी ते अंदाजाने लादलेले असते. काट्यावर घालविलेला अर्धा तास हा कामातील विलंब नव्हे. कामाचा आरंभ तेथूनच झाला पाहिजे.