‘टेस्टेड ओके’ एवढ्यावर जुना माल खपवू नका



कॉम्प्युटरचे जुने पार्ट ऑनलाइन विकणाऱ्याने ते कोणत्या मदरबोर्डवर चालतात हे जाहिरातीत लिहिलेच पाहिजे. लिहिले नसेल तर माल मुकाट्याने परत घेतला पाहिजे. ‘घेणाऱ्याने बघून घ्यावे’ हे उत्तर आता पुरे झाले.

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये माझे दुरुस्तीचे दुकान आहे. नवा पीसी न परवडणारी मुले मागवलेला पार्ट घेऊन येतात, “दादा, एवढा बसवून द्या.” अलीकडेच अकरावीतल्या एकाने आय-५ ८४०० प्रोसेसर आणला. घरच्या बोर्डाचा चिपसेट एच ११०. सॉकेट दोन्हीकडे एलजीए ११५१. प्रोसेसर नीट बसतो, लिव्हर लागते, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. २०१७ मध्ये डेस्कटॉपसाठी आठवी पिढी आणताना इंटेलने सॉकेटचे नाव तेच ठेवले आणि काही पिनांची कामे बदलली. ८४०० याच पिढीतला, आणि या पिढीला ३०० सिरीजचाच चिपसेट लागतो; एच ११० चालत नाही. हे त्या पोराला कुठून ठाऊक असणार? रोज हाच माल विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. जाहिरात होती ‘११५१ सॉकेट, टेस्टेड ओके’. त्यात खोटे काहीच नाही, आणि तरी आईने साठवून दिलेले पैसे बुडाले. माल परत घ्यायला विक्रेता तयार नाही, कारण ‘पार्टमध्ये फॉल्ट नाही’.

रॅमचेही तेच. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. चुकीची आली तर ती बसतच नाही, निदान लगेच कळते. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड डीडीआर४ रॅम मात्र स्लॉटमध्ये अचूक बसते आणि साधा डेस्कटॉप चालूच होत नाही. ‘सर्व्हरची’ हा एक शब्द लिहायला विक्रेत्याचे काय जाते?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्याला टाळता येत नाही. पण जाहिरातच अर्धवट असेल तर न जुळण्यासारखे उरते काय? शिवाय स्वतःची वस्तू अधूनमधून विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. ती सवलत योग्यच आहे, पण ‘घरातला पीसी काढतोय’ म्हणत महिनोन्‌महिने धंदा करणाऱ्यांना तिचा आडोसा मिळतो.

ग्राहक पार्ट बदलून परत पाठवतात, ही विक्रेत्यांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय सोपा आहे: सिरीयल नंबर दिसेल असा फोटो आधीच टाकावा. पार्ट नंबर, चालणारे चिपसेट आणि लेबलचा फोटो भरल्याशिवाय जाहिरात झळकणारच नाही, अशी अट ऑनलाइन विक्रीची सोय देणाऱ्या कंपन्यांनी घालावी. सतत विकणाऱ्या खात्यांची नोंद व्यापारी म्हणून करावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ही सक्ती नियमांतच आणावी.

ज्यांच्याकडे असे पार्ट पडून आहेत त्यांनी जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवावी.

– एक कॉम्प्युटर दुरुस्ती व्यावसायिक, उल्हासनगर कॅम्प १