सारेच काही शेण नसते!

गृहसंकुलाच्या वार्षिक सभेत पाणी, वाहनतळ आणि देखभालीचा खर्च हे वादाचे जुने विषय. त्यांत आता पाळीव कुत्र्यांच्या विष्ठेची भर पडली आहे. एक बाजू म्हणते, आवार घाण झाले. दुसरी बाजू उत्तर देते, "मातीतच तर पडते; शेवटी त्याचे खतच होते ना!" मग तोडगा म्हणून एखादा उत्साही सभासद सुचवितो की, ही विष्ठा गोळा करून आवारातील खतखड्ड्यात टाकावी. घाणही जाईल आणि गच्चीवरच्या पालेभाज्यांना फुकटचे खतही मिळेल. सूचना सोयीची आहे, तिच्यामागचा हेतूही चांगला आहे. म्हणूनच ती मान्य करण्यापूर्वी बारकाईने तपासली पाहिजे.

या सूचनेमागे मराठी मनाची एक जुनी, कृषिसंस्कारातून आलेली धारणा आहे. उकिरड्यात मुरलेले शेणखत हा शेतकऱ्याचा ठेवा. धनगरांची मेंढरे रात्रभर शेतात बसवायची आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य द्यायचे, ही पद्धतही परिचयाची. प्राण्याच्या विष्ठेने जमीन सुपीक होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मग गाय, बैल, मेंढी यांची विष्ठा चालते, तर कुत्र्याची का चालू नये?

प्रश्न रास्त आहे. कुत्र्याच्या विष्ठेत नत्र आणि स्फुरद नसते, असेही नाही. बेल्जियममधील घेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. फिरावयास आणलेल्या कुत्र्यांच्या मलमूत्रातून तेथे दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद पडते, असा संशोधकांचा अंदाज होता. तो निसर्गाला हितकारक नव्हे, तर तेथील वनस्पतींच्या दृष्टीने चिंतेचा विषय ठरला. म्हणजे झाडाला अन्न मिळते की नाही, हा मुद्दाच नाही. त्या अन्नासोबत आणखी काय येते, हा मुद्दा आहे.

शेणखत नव्हे, सोनखत

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे चारा खाऊन रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांचे शेण म्हणजे बव्हंशी अर्धवट पचलेला पालापाचोळाच. कुत्रा मांसाहारी कुळातला. माणसाच्या घरात राहून तो माणसाचे अन्न खातो. त्याच्या आतड्यातील अनेक जंतू आणि कृमी माणसालाही बाधतात. खताच्या दृष्टीने त्याची विष्ठा शेणखताच्या नव्हे, तर सोनखताच्या पंक्तीत बसते. मानवी मैला ताजा असताना कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकावयास आज कोणताही सुजाण माणूस तयार होणार नाही. कुत्र्याच्या बाबतीतच ही दक्षता का गळून पडावी?

टॉक्सोकारा कॅनिस या कुत्र्याच्या गोलकृमीचे उदाहरण घ्यावे. याची एक मादी दिवसाला हजारोंच्या संख्येने अंडी घालते. ही अंडी विष्ठेवाटे मातीत येतात आणि जाड कवचामुळे महिनोन्‌महिने, अनुकूल ठिकाणी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून किंवा नीट न धुतलेल्या पालेभाजीतून ती पोटात गेली की, त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यात शिरतात. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही, हे खरे. परंतु अळी डोळ्यात शिरली, तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू होऊ शकते. १९५० च्या सुमारास वैद्यकशास्त्राने हा विकार प्रथम नीट ओळखला. त्याचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो, कारण माती तोंडात घालणारी तीच.

अंकुशकृमीची तऱ्हा निराळी. त्याच्या अळ्या ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतही शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, खाजऱ्या रेषा उमटवितात. कत्तलखान्याच्या परिसरात जनावरांचे टाकाऊ अवयव खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून हायडॅटिड रोगाच्या फीतकृमीची अंडी येतात. ती पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात आणि त्यांसाठी अनेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाबाचे जंतू या यादीत आणखी वेगळे.

'जुने झाले की निर्धोक' हा भ्रम

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. ताजी विष्ठा घातक, पण वाळून मातीत मिसळली की धोका टळला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोलकृमीच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ताज्या विष्ठेतील अंडी रोगकारक नसतात. त्यांच्यात अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर विष्ठा पावसाने विरघळलेली असते, डोळ्यांना काही दिसत नाही, दुर्गंधीही उरत नाही. घाण नाहीशी झाली असे वाटते, तेव्हाच धोका सुरू होतो.

मग कंपोस्ट केल्याने ही अंडी मरणार नाहीत का? मरतील, पण केवळ उष्णतेने. भारतीय वाचकाला याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा आणि शेण यांपासून खत करण्याची शास्त्रशुद्ध रीत बसविली. तीच पुढे 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण, पुरेसा ओलावा, हवा आणि वेळोवेळी ढिगाची उलथापालथ ही तिची सूत्रे. ही सूत्रे पाळलेला मोठा ढीग आतून चांगलाच तापतो.

मोठा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उष्णता धरून ठेवण्यास ढीग साधारण एक घनमीटर तरी असावा लागतो. अमेरिकेने १९९३ साली सांडपाण्याच्या गाळासाठी नियम केले. उघड्या ढिगातून तयार झालेले खत सर्वांत निर्धोक वर्गात बसावयाचे, तर ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर १५ दिवस राहिले पाहिजे आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलथला पाहिजे, असा दंडक त्यांत घातला गेला. गच्चीवरील ड्रम, सच्छिद्र माठ किंवा बादली यांत हे घडणे जवळजवळ अशक्य. गांडूळखताचा वाफा तर मुद्दामच थंड ठेवावा लागतो, कारण त्या उष्णतेत गांडुळेच मरतील. म्हणजे घरगुती खतनिर्मितीच्या ज्या दोन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत, त्यांपैकी एकीवरही या कामी विसंबता येत नाही.

श्वानविष्ठेचे कंपोस्ट जाणीवपूर्वक करून पाहिल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अलास्कातील फेअरबँक्सचे. तेथे घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचे मोठमोठे तळ असतात आणि विष्ठेचे ढीग साचतात. तेथील मृदा व जल संधारण यंत्रणेने लाकडाचा भुसा मिसळून, तापमापक लावून आणि ढीग वारंवार उलथून हे खत करण्याची रीत सिद्ध केली. २००५ साली तिची पुस्तिकाही निघाली. या खताने हिरवळ आणि शोभेची झाडे उत्तम वाढतात, परंतु माणसाने खावयाच्या पिकांना ते घालू नये, असा इशारा याच पुस्तिकेत दिलेला आहे. ज्यांनी हे खत यशस्वीरीत्या केले, तेच भाजीला घालू नका म्हणतात, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आक्षेप आणि उत्तरे

"आमचा कुत्रा घरातच असतो, त्याला वेळेवर जंतनाशक देतो," असे अनेक जण सांगतील. ते स्तुत्यच आहे. परंतु टॉक्सोकाराची लागण पिल्लाला आईच्या गर्भातच होऊ शकते आणि नंतर दुधातूनही. म्हणूनच पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून दर पंधरवड्याने जंतनाशक देण्याचा प्रघात आहे. औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय सोसायटीच्या एकत्र खड्ड्यात कोणाच्या कुत्र्याने काय खाल्ले, याचा हिशेब कोण ठेवणार?

दुसरा आक्षेप असा की, शेण तरी कोठे निर्जंतुक असते? हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गुरांच्या ताज्या शेणातही ई. कोलायचे घातक वाण असू शकतात. म्हणूनच आपल्या शेतकऱ्याने शेण ताजे न टाकता मुरवून, कुजवून वापरले. परंपरेचा आदर म्हणजे तिच्यामागील हा विवेक जपणे. 'विष्ठा म्हणजे खत' एवढे सुटे सूत्र उचलून ते वाटेल तेथे लावणे, हा परंपरेचा आदर नव्हे.

दुसऱ्याचे हात

खतखड्डा नको, तर मग विष्ठा पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात टाकावी काय? येथे आणखी एका माणसाचा विचार करावा लागतो. पुण्यासारख्या शहरात दारोदारचा कचरा गोळा करून हातांनी वेगळा करणाऱ्या बहुतांश स्त्रिया आहेत. वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी त्यांना समाजापुढे करावी लागली. आपल्या लाडक्या प्राण्याची विष्ठा ओल्या कचऱ्यात लपवून त्यांच्या हाती देणे, हे कोणत्या संस्कृतीत बसते?

यावर उपाय अवघड नाहीत. विष्ठा कागदात उचलावी. सांडपाण्याची वाहिनी असेल तेथे प्लास्टिक व कागद वगळून ती शौचकूपात टाकावी. बंगल्याच्या आवारात विहीर आणि भाजीचे वाफे यांपासून दूर, हातभर खोल, झाकणाचा स्वतंत्र खड्डा करावा आणि त्या जागी पुढे खाण्याची पिके घेऊ नयेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख मोजली गेली. त्यांना कोणी जंतनाशक देत नाही. तेव्हा जमिनीवरील भाजीच्या वाफ्याला जाळी आणि मुलांच्या वाळूच्या खेळाला झाकण हवेच. मातीत काम केल्यावर हात साबणाने धुणे, ही सवय तर बागेइतकीच जुनी असावी.

खंडोबाच्या पायाशी श्वान आहे, दत्तात्रेयांच्या सभोवती श्वान आहेत, आणि आपल्या श्वानाला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर आपल्याला पूज्य आहे. कुत्र्यावरील प्रेमाला येथे कोणाचाच विरोध नाही. पण प्रेमासोबत जबाबदारी येते आणि ती शेजारच्या मुलाच्या आरोग्यापर्यंत, कचरा वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचते. गच्चीवरील बागेला खत हवे असेल, तर स्वयंपाकघरातील देठे आणि साली आहेत, अंगणातला पाचोळा आहे, मुरलेले शेणखत आहे. जमीन जे देऊ ते मुकाट्याने घेते. तिला काय द्यायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.