घर आपले, जमीन दुसऱ्याची

इंग्लंडात ‘पार्क होम’ नावाचा घरांचा एक प्रकार आहे. नाव ऐकून बागेतला बंगला डोळ्यांपुढे येतो, आणि दिसतेही तसेच. उतरते छप्पर, खिडक्यांना जाळीदार पडदे, दाराशी कुंड्या. कायद्याच्या लेखी मात्र ते ‘कॅराव्हॅन’, म्हणजे हलवता येण्याजोगे घर! ते कारखान्यात तयार होते आणि दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन उभे राहते. अनेक वसाहतींत पन्नाशीच्या आतल्यांना राहू देत नाहीत, त्यामुळे रहिवासी बहुतेक निवृत्त. मोठे घर विकायचे, हे छोटे घ्यायचे, उरलेला पैसा म्हातारपणाला ठेवायचा, असा साधा हिशेब.

माझी नोकरी बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात गेली. त्या सवयीने माझा पहिला प्रश्न असतो तो तारणाचा. इथे पायाखालची जमीनच आपली नाही, म्हणून नेहमीचे गृहकर्ज मिळत नाही आणि घर बहुधा रोखीने घ्यावे लागते. ज्या वस्तूवर बँक पैसे द्यायला कचरते, तिच्यात माणूस जन्माची पुंजी घालतो.

त्यानंतर सुरू होते जागाभाडे. तिकडे त्याला ‘पिच फी’ म्हणतात. मालक वर्षातून एकदा ती वाढवू शकतो, पण त्याला ठरावीक नमुन्यात 28 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. रहिवाशाने संमती दिली नाही, तर न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत तो जुनेच भाडे भरू शकतो, आणि तेवढ्यासाठी त्याला थकबाकीदार ठरवता येत नाही. 

वाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली असते. पण कोणत्या? पूर्वी तो किरकोळ किमतींचा होता. 2 जुलै 2023 पासून ग्राहक किमतींचा आला. फरक किरकोळ वाटेल, पण ऑक्टोबर 2022 मध्ये पहिला 14.2 टक्के होता, तर दुसरा 11.1. महिना 200 पौंड भाडे पहिल्या हिशेबाने 228 पौंड 40 पेन्स होते, दुसऱ्याने 222 पौंड 20 पेन्स. सहा पौंडांचाच फरक, हे खरे. परंतु पुढच्या वर्षीची वाढ या वाढलेल्या रकमेवर बसते, आणि चक्रवाढ म्हणजे काय हे आपल्याकडच्या कोणत्याही कर्जदाराला शिकवावे लागत नाही.

संरक्षण आहे. 1983 च्या कायद्याने मालकाला न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाशिवाय रहिवाशाला काढता येत नाही. विजेचे पैसे तो स्वतः देतो त्या दरापेक्षा जास्त घेता येत नाहीत. 2013 च्या कायद्याने तर एक जुनी खोड मोडली. तोवर घर विकताना नव्या ग्राहकाला मालकाची पसंती लागे. एखादा मालक ती अडवून धरी, म्हातारा विक्रेता थकून जाई आणि शेवटी घर त्याच मालकाच्या पदरात मातीमोल भावाने पडे. आता ती मान्यता लागत नाही.

दलाली मात्र शिल्लक आहे. विक्री झाली की किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम जमीनमालकाची. दीड लाख पौंडांच्या घरामागे पंधरा हजार! मुंबईकरांना हे ऐकून पगडीची आठवण होईल, कारण तिथेही खोली दुसऱ्याच्या नावे करताना घरमालक आपला हिस्सा मागतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या हस्तांतरण शुल्काला निदान 2001 पासून पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. संस्थेची ती जमीन सभासदांची, तिथे लगाम. परक्याच्या जमिनीवर मात्र टक्केवारी. दहा टक्क्यांत मालक नेमकी कोणती सेवा देतो, हे मला अजून उमगलेले नाही.

घर कुटुंबातल्या कोणाला भेट दिले तर ही दलाली लागत नाही. पण वसाहतीला पन्नाशीची अट असेल आणि मुलगा चाळिशीतला असेल, तर त्याला तिथे राहता येत नाही. तो वारसाहक्काने आलेले घर विकायला काढतो, आणि मग ते दहा टक्के द्यावेच लागतात.