दोष केवळ पावसाचा नव्हे, नळातल्या हवेचाही

जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव फरीदाबादला भरला. त्याच वर्षी २८ जूनच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शेजारच्या दिल्लीत, सफदरजंगला, २२८.१ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसात कारखान्याच्या पन्हळी भरून पाणी आत आले, की एकच निदान ऐकू येते: पाऊस फार झाला, नळ लहान पडले, मोठे बसवा. हे निदान अर्धवट आहे आणि उपाय कित्येकदा उलटा.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ५,००० चौरस मीटर छपरावरून सेकंदाला सुमारे १३९ लिटर पाणी उतरायला हवे. साध्या उभ्या नळात पाणी भिंतीला धरून उतरते आणि मधली पोकळी हवेने भरलेली असते. युरोपीय मानकात अशा नळाचा फार तर एक तृतीयांश भाग पाण्याचा धरण्याची रीत आहे.

वक्रनलिकेच्या तत्त्वावरील निचरा १९६० च्या दशकात फिनलंडमध्ये विकसित झाला, तो नेमका ही हवा हटवण्यासाठी. नळाच्या तोंडावरची तबकडी भोवरा होऊ देत नाही. हवा शिरत नाही, नळ पूर्ण भरतो आणि पन्हळीतल्या १० सेंटिमीटर पाण्याऐवजी इमारतीच्या १० मीटर उंचीची ओढ कामाला येते. घर्षण सोडले, तर शंभरपट उंचीमुळे वेग दहापट होतो.

अशा रचनेत ठरल्यापेक्षा मोठा नळ बसवला, तर तो भरतच नाही; हवा आत राहते आणि ओढ सुरूच होत नाही. कचरा अडतो म्हणून तबकडी काढून टाकली, तरी तेच घडते. साध्या नळाचे खालचे तोंड तुंबलेल्या गटारात बुडाले, तर कोंडलेली हवा वर येताना उतरत्या पाण्यालाच अडवते.

मोठा नळ कधीच नको, असे नाही. साधी रचना खरोखर अपुरी असेल, तर तो हवाच. पण हवेचा हिशेब न करता नळ बदलणे हे अभियांत्रिकी नव्हे, अंदाजपंचे आहे. पावसाचे मिलिमीटर मोजणाऱ्या बातम्यांनी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या पावसाळ्यात एवढे तरी विचारावे: नळात पाणी किती होते आणि हवा किती?