लोखंडाच्या कणाचे आयुष्य

कार्बन नॅनोट्यूबचा इतिहास बहुतेक जण १९९१ पासून सांगतात. त्या वर्षी जपानमधील त्सुकुबा येथे एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांना या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तर १९५२ मध्येच कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रे छापली होती. पहिला मान कुणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. आम्हाला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो या नळ्या हव्या तिथे, हव्या तितक्या उंच, उभ्या वाढवण्याचा इतिहास.

१९९६ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील गटाने सच्छिद्र सिलिकात लोखंडाचे सूक्ष्म कण बसवून अशा उभ्या नळ्या वाढवून दाखवल्या. पुढे रूढ झालेली कृती अशी: सिलिकॉनच्या चकतीवर ॲल्युमिनाचा थर द्यायचा, त्यावर जेमतेम नॅनोमीटरभर लोखंड. भट्टी ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की लोखंडाचा थर फुटून त्याचे कण होतात. मग इथिलीन वायू सोडायचा. त्यातला कार्बन कणाकणावर नळी होऊन वाढू लागतो. दाट पेरलेला ताग आडवा पसरायला जागा नसल्याने सरळसोट वाढतो, तशाच या नळ्याही दाटीमुळेच उभ्या राहतात.

अडचण असते ती उत्प्रेरकाचे काम करणाऱ्या या कणाची. त्याच्यावर काजळीचे कवच चढले की वाढ खुंटते. २००४ मध्ये त्सुकुबाच्याच एआयएसटी संस्थेत केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी भट्टीत पाण्याची वाफ अगदी नाममात्र सोडली. कवच निघाले, कण काम करत राहिले आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीच्या, जवळजवळ निर्मळ एकपदरी नळ्या उभ्या राहिल्या! त्या शोधनिबंधावर इजिमांचेही नाव आहे. या पद्धतीवर झिऑन कंपनीचा कारखाना उभा राहायला मात्र २०१५ साल उजाडले.

कार्बन काय, आपल्या आरतीच्या कापरातूनही मिळतो. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने १९९४ मध्ये कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बनचे पोकळ रेणू, बनवले होते. त्याच गटात घडलेल्या मुकुल कुमार यांनी पुढे नागोयाच्या मेजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्यासह कापूर आणि फेरोसीन वापरून उभ्या नळ्या वाढवल्या. तिथेही लोखंड लागलेच. ते फेरोसीनमधून आले. म्हणून नव्या कच्च्या मालाच्या बातम्यांपेक्षा उत्प्रेरक का मरतो, याच्या चिवट अभ्यासाला आपल्या विद्यापीठांनी पैसा आणि वर्षे द्यावीत, असे आमचे ठाम मत आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी लोखंड आणि ॲल्युमिनियमची वाफ थोडी थोडी पुरवत कण २६ तास कामाला लावले. नळ्या १४ सेंटिमीटर वाढल्या.